कोरडी पावडर

गाडीखाली शिरलो आणि पहिल्याच श्वासाला तोंडात पीस गेलं. कोंबडीचं, पांढरं, ऑइलमध्ये भिजलेलं. मी थुंकलो, पुन्हा थुंकलो, बाहेर येऊन चूळ भरली, तरी ती चव जाईना. इंजिनाचा तळ दिसतच नव्हता. काळं ऑइल, त्यावर चिकटलेली पिसं, त्यावर फळ्यांच्या फटींतून गळलेली कोंबड्यांची शीट आणि त्यावर रस्त्याची धूळ, असा चार बोटं जाड लेप बसला होता. उन्हानं तो मऊ पडला होता आणि मधूनच त्याचा गोळा सुटून खाली पडत होता. एक माझ्या कानाशी पडला.

मेकॅनिकला घाणीची किळस येते म्हटलं की लोक हसतात. मला येते, आणि फार येते. विट्याच्या बाहेर कराड रस्त्याला माझं गॅरेज होतं त्या काळात मी दिवसातून दोनदा आंघोळ करायचो आणि भातसुद्धा चमच्यानं खायचो. बायको म्हणायची, हणमंत मिस्त्रींनी सोनाराचं दुकान घालायला हवं होतं. पण या किळसेनंच माझं नाव झालं होतं. इंजिन उघडलं की त्याच्या प्रत्येक भोकात मी चिंधी कोंबून ठेवायचो, धुळीचा कण आत जाऊ द्यायचो नाही. बाकीचे मिस्त्री उघड्या इंजिनाशेजारी बसून भजी खायचे. कराडच्या अशाच एकानं चेंबरमध्ये विसरलेला पाना मला एकदा सापडला होता. तो मी तारेनं बांधून गॅरेजच्या दारात टांगला होता आणि येईल त्याला त्याची गोष्ट चवीनं सांगत होतो. त्या मिस्त्रीनं पुढं वर्षभरात धंदा बंद केला. मला वाईट वगैरे वाटलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर अधिकराव सूर्यवंशी बसले होते. आठ गाड्यांचे मालक. विट्याच्या आसपासच्या शेडमधल्या जिवंत कोंबड्या मुंबईला पोचवायचा त्यांचा धंदा, आणि आठही गाड्या माझ्याकडं. काडेपेटीची काडी दातांत फिरवायची, बाहेर काढून नाकाशी न्यायची, हुंगायची आणि पुन्हा तोंडात घालायची, अशी त्यांना सवय होती. मी त्यांच्याकडं न बघता बोलायला शिकलो होतो.

गाडीजवळ उभा होता तो तिचा ड्रायव्हर, निवास कुंभार. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, कपाळावर बुक्का. बावीस वर्षं स्टेअरिंगवर आणि कुठं एक ओरखडा नाही. सगळे त्याला तात्या म्हणायचे. मालक सोडून.

प्रकरण असं होतं. गेले तीन महिने या गाडीचं ऑइल कमी व्हायचं. मुंबईची एक फेरी झाली की चार-पाच लिटर गायब. गळती म्हणावी तर अधिकरावांच्या अंगणात गाडी रात्ररात्र उभी असायची आणि खाली रुपयाएवढा डागसुद्धा नसायचा. मग ऑइल जातं कुठं? त्या रस्त्यावर कुठल्या ढाब्यावर ड्रायव्हर कॅन भरून डिझेल आणि ऑइल विकतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अधिकरावांनी दोन आणि दोन चार केले होते.

आदल्या दिवशी त्यांनी निवासतात्याला चार माणसांसमोर बिरोबाचा भंडारा उचलायला सांगितलं होतं. आमच्याकडं भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही, निर्वंश होतो म्हणतात. तात्या म्हणाला होता, उचलतो, पण गळती निघाली तर मला चोर म्हटल्याबद्दल मालकांनीही उचलायचा. यावर अधिकराव भडकले. ड्रायव्हरनं मालकाला देवापुढं उभं करायचं म्हणजे काय. शेवटी कुणीतरी मार्ग काढला की देवाला मध्ये घेऊ नका, मिस्त्री आहे. मिस्त्री सांगेल ते दोघांनी मानायचं.

"आता तुमच्या जिभेवर हाय," अधिकराव मला म्हणाले. "गळती आसंल तर मी ह्येची माफी मागीन, चौकात. नसंल तर ह्यो आजच खाली उतरंल."

"मान्य हाय," तात्या म्हणाला. "मिस्त्री सांगतील त्येला माझी ना न्हाई."

चोर म्हणून उतरवलेल्या ड्रायव्हरला विट्यात दुसरा मालक गाडी देत नाही. हे तिघांनाही माहीत होतं, त्यामुळं कुणी बोलून दाखवलं नाही. अधिकराव काडी हुंगत मोटारसायकलवर बसले आणि चार वाजता येतो म्हणून शेडकडं गेले.

खरं सांगायचं तर तात्या याआधी दोनदा माझ्याकडं येऊन गेला होता. ऑइल कमी होतंय, जरा बघा म्हणून. दोन्ही वेळा मी खाली वाकलो, तो लेप बघितला, नाक दाबलं, चेंबरचे बोल्ट आवळले आणि जुनं इंजिन आहे, थोडं पितंच, म्हणून त्याला वाटेला लावलं. घाण होती म्हणून नीट बघितलं नाही. एवढंच कारण.

आता मात्र बघणं भाग होतं. उलथनं घेऊन आधी तो लेप खरवडला. भदाभदा तुकडे पडत होते आणि प्रत्येक तुकड्यातून सडक्या अंड्यासारखा वास उठत होता. एका ठिकाणी कोंबडीचा अख्खा पाय निघाला, नखांसकट. मी बाजूला जाऊन सकाळचा चहा ओकलो. तात्यानं माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि उरलेलं त्यानं खरवडलं. मग दोघांनी मिळून डिझेल मारून इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. अकरा वाजेपर्यंत लोखंड दिसायला लागलं.

गळती शोधायची माझी एक रीत होती. घरातून बायकोच्या फेसपावडरचा डबा आणायचा आणि कोरड्या इंजिनावर फुंकर मारून पावडर उडवायची. गाडी पळवून आणायची. जिथून ऑइल येतं तिथं पांढऱ्यावर काळी वाट उमटते, आणि वाटेनं वर वर गेलं की उगम सापडतो. मी पावडर मारली. कोंबड्यांच्या त्या वासात एकदम चाफ्याचा वास मिसळला. तो त्या घाणीपेक्षाही वाईट होता.

तात्या चालवायला बसला, मी शेजारी. खानापूरच्या बाजूच्या घाटात गाडी घातली. रिकामी असूनही चढाला इंजिन कण्हत होतं. तात्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि कानात जास्त होतं. वाटेत तो एकदाच बोलला, की मुंबईला जाताना प्रत्येक घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून तो ऑइल मोजायची गेज काढून बघतो, दोन महिने हेच चाललंय, झोपेतसुद्धा गेजच दिसते.

माथ्यावर गाडी उभी केली आणि मी खाली शिरलो. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथं क्रँकचं सील असतं, तिथली पावडर चिखल झाली होती. गेअर बॉक्सच्या तोंडापर्यंत काळा ओघळ आला होता, हातभर लांब. तात्या चाकापाशी उकिडवा बसून वाकून बघत होता.

"भिजलंय न्हवं मिस्त्री?"

"जरा दमा," मी म्हणालो. "कारण सापडल्याशिवाय मी बोलत न्हाई."

हीसुद्धा माझी रीतच होती. तात्या मान डोलावून उठला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र सगळं दिसत होतं. उतारानं येताना तो गुणगुणत होता.

गॅरेजला आल्यावर तो भाकरीचं फडकं घेऊन पलीकडच्या विहिरीवर गेला. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. सील गेलं असेल तर गाडी उभी असतानाही थेंब पडायला हवा. तो पडत नव्हता. म्हणजे सील धड होतं आणि आतून कुणीतरी दाबून ऑइल बाहेर काढत होतं. मी ऑइल भरायचं झाकण सैल केलं, तर ते हातातून उडालंच, आणि त्यामागून धुराचा लोट माझ्या तोंडावर आला.

इंजिनाला आतली वाफ बाहेर सोडायला एक नळी असते, तिला आम्ही ब्रिदर म्हणतो. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि जिथं फट मिळेल तिथून ऑइल पळतं. चढाला जास्त, उभी असताना अजिबात नाही. म्हणून अधिकरावांचं अंगण कोरडं. इतकं सोपं होतं ते. मी इंजिन बंद केलं, ब्रिदरची नळी सोडवली आणि तिच्या मुळाशी वाकडी तार घालून ओढली. आधी काळं पाणी आलं. मग काहीतरी मऊ अडकलं. जोर लावला, तर मेलेला उंदीर शेपटीनं ओढावा तसा एक काळा, चिकट बोळा बाहेर आला. त्याला जळक्या तेलाचा आणि कुजक्याचा असा काही वास होता की मी तोंड फिरवलं.

आणि तरी मला आनंद झाला होता. तो आनंद मी विसरलेलो नाही. तीन महिन्यांचं कोडं दुपारच्या आत सुटलं होतं. मी इंजिन पुन्हा चालू केलं. नळीच्या तोंडातून मोकळी वाफ येत होती, झाकण जागचं हलत नव्हतं. तात्याला हाक मारायला मी तोंडसुद्धा उघडलं होतं.

मग मी तो बोळा डिझेलमध्ये बुडवून पिळला. कशाचा आहे ते बघावं म्हणून. काळं पाणी गेलं आणि खालून निळा रंग आला. निळ्यावर पांढरी नक्षी, टोकाला चुणीदार पट्टी. माझ्या मुलीच्या जुन्या फ्रॉकची बाही होती.

तीन महिन्यांपूर्वी, चैत्रात, मीच या गाडीचं इंजिन उघडलं होतं. गावच्या जत्रेच्या दिवशी बसवलं. घरी मटण शिजत होतं, पाहुणे आले होते, मेव्हणा दोनदा बोलावून गेला होता. ब्रिदर धुतला, भोकात धूळ जायला नको म्हणून बाही कोंबली, आणि निघायच्या घाईत नळी तशीच वर चढवली. चेंबरमध्ये पाना विसरणाऱ्याला मी गावभर नाचवलं होतं. मी अख्ख्या इंजिनाचा श्वास कोंडून घरी जाऊन मटणाची नळी फोडली होती.

मी तिथंच उभा राहिलो. काय करायचं हे मला नीट ठाऊक होतं. चार वाजता अधिकराव येतील, त्यांना बाही दाखवायची, चूक माझी, ड्रायव्हर स्वच्छ आहे, संपलं. एवढंच वाक्य. पण माझ्या डोळ्यांपुढं माझ्याच गॅरेजचं दार येत होतं आणि दारात टांगलेली बाही येत होती. विट्यातला प्रत्येक मिस्त्री ती बघायला आला असता. कराडचाही आला असता. सोनाराचं दुकान घालणारा मिस्त्री.

विहिरीकडून तात्याच्या खाकरण्याचा आवाज आला. मी बाही पँटच्या खिशात कोंबली, नळी बसवली, खाली शिरलो आणि तो काळा ओघळ फडक्यानं पुसून काढला. हे सगळं हातांनी केलं. मी त्यांना थांबवलं नाही.

तात्यानं येऊन विचारलं, सापडलं का. मी म्हणालो, मालक येऊ देत. खिशातली बाही अजून गरम होती. तिच्यातलं तेल मांडीवरून हळूहळू गुडघ्याकडं उतरत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी गाडीच्या बंपरला टेकून उभा होतो.

अधिकराव सांगितल्या वेळी आले. येताना दोन कोंबड्या पाय बांधून आणल्या होत्या, माझ्यासाठी. त्या जमिनीवर पडून चोच उघडझाप करत होत्या.

"काय निघालं?"

मी म्हणालो, "ओल हाय मागच्या सीलाला. पण थेंबाथेंबाची. पाच-पाच लिटर जावं अशी गळती न्हाई."

तात्या मला म्हणाला, "मिस्त्री, घाटात पावडर भिजल्याली. मी बघितली की."

"थोडी ओल समद्याच गाड्यांना असती तात्या."

"थोडी न्हवती. हातभर व्हघळ हुता."

अधिकरावांनी काडी तोंडातून काढली आणि किल्लीसाठी हात पुढं केला. तात्यानं किल्ली दिली नाही. तो रागावला नव्हता, रडतही नव्हता. काहीतरी साधी चूक होतेय आणि ती आत्ता दुरुस्त करता येईल, असं त्याचं तोंड होतं.

"मालक, तुमी बसा गाडीत," तो म्हणाला. "मिस्त्रींना पावडर मारू द्या, पुन्यांदा घाटात जाऊ. तुमच्या डोळ्यांनी बघा. मग किल्ली घ्या."

अधिकराव हट्टी होते, पण अन्यायी नव्हते. चला, म्हणाले.

मी पावडर मारली. डबा रिकामा होईपर्यंत मारली. घाटात जाताना तिघं केबिनमध्ये होतो, मी मधे. डावीकडं मालकांच्या तोंडाचा वास आणि उजवीकडं तात्याचा घाम, आणि खिशात ती बाही. तात्या गाडी मुद्दाम दाबत होता, दुसऱ्या गेअरमध्ये ताणत होता, की जे काही आहे ते बाहेर यावं. इंजिन मात्र सकाळसारखं कण्हत नव्हतं. मोकळं चाललं होतं. मला ते ऐकू येत होतं. त्याला येत होतं की नाही मला कळलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, एखादा थेंब येऊ दे. सीलाला खरोखर चीर असू दे. माझं तोंड न उघडता हा माणूस सुटू दे.

माथ्यावर तात्या सगळ्यांच्या आधी उतरला आणि पाठीवर सरकत खाली गेला. बराच वेळ त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मग अधिकराव धोतर सावरत वाकले. मीही वाकलो. इंजिनाची मागची बाजू पिठाच्या डब्यासारखी पांढरी होती. तात्या त्यावरून बोट फिरवत होता, बोट डोळ्यांजवळ आणून बघत होता आणि पुन्हा फिरवत होता.

बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना, भुवयांना पावडर लागली होती. त्यानं मला विचारलं, "मिस्त्री, मधी काय केलंसा का?"

आता उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. तेवढी जागा त्यानं मला ठेवली होती.

"न्हाई," मी म्हणालो. "नुसतं पुसून बघितलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माझी मानगूट धरेल, आणि धरावी असंही वाटलं. पण त्याच्या नजरेत संशय नव्हता. माझ्यावर त्याचा विश्वास होता. त्यानं डोळे चोळले, पुन्हा एकदा वाकून इंजिनाखाली बघितलं आणि किल्ली अधिकरावांच्या हातात ठेवली. केबिनमधून आपलं घोंगडं आणि पाण्याची बाटली घेतली. उतारानं गाडीतून सोडतो, असं अधिकरावांनी त्याला म्हटलं. तो नको म्हणाला आणि चालत खाली गेला.

त्या दोन कोंबड्या मी घरी नेल्या. बायकोनं झणझणीत रस्सा केला. मी जेवलो, दोन वेळा रस्सा मागून घेतला, आणि मग परड्यात जाऊन सगळं ओकलो. बाही बंबात घातली. ती भपकन पेटली.

पुढं जे झालं ते मी कधी कल्पनेतही आणलं नव्हतं. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडं गेली आणि ऑइल जायचं थांबलं. एक टिपूस कमी होईना. होणारच नव्हतं. पण अधिकराव प्रत्येक चहाच्या गाड्यावर सांगायला लागले, बघा, इंजिन तेच, रस्ता तोच, नुसता माणूस बदलला. आणखी पुरावा कुणाला हवा होता? माझ्या हातच्या सगळ्यात चोख कामानं तात्याला कायमचं चोर ठरवलं. शिवाय माझा भाव वाढला. इतर मालक गाड्या घेऊन येऊ लागले, दुरुस्तीला नाही, ड्रायव्हर तपासायला. तुमचा शब्द म्हणजे शब्द, म्हणायचे. बिचारे ड्रायव्हर माझ्यापुढं हात जोडून उभे राहायचे. दारातला तो पाना मी तोपर्यंत काढून टाकला होता. कुणी विचारलं तर म्हणायचो, कशाला कुणाची अब्रू काढायची. यावर लोक मला मोठ्या मनाचा समजायचे. स्वतःची एवढी शिसारी मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि तरी मी गप्प होतो.

दीड वर्षानं एका पोल्ट्रीवरचा जनरेटर बंद पडला म्हणून मला बोलावणं आलं. शेडमध्ये शिरलो, तर डोळ्यांतून पाणी काढणारा तो खताचा वास. आत एक माणूस फावड्यानं खत ओढत होता, तोंडाला फडकं बांधून. फडकं खाली केलं तेव्हा ओळखलं.

तात्यानं माझी विचारपूस केली. पोरीची शाळा विचारली. मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि निघताही येत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, तुम्हाला कुणी गाडी दिली नसेल ना नंतर.

"दिली की," तो म्हणाला. "खानापूरचं एक मालक दोनदा आलं घरला. म्हणालं, ऑइल इकलं तर इकलं, गाडी झ्याक चालवतूस. मीच न्हाई म्हणालो."

"का?"

त्यानं फावडं भिंतीला टेकवलं. "चोर म्हणाले त्येचं काय न्हाई मिस्त्री. मला ठावं हुतं मी केलं न्हाई. पर त्या दिशी घाटात मी व्हघळ बघितला, हातभर, ह्या डोळ्यांनी. आन् तिथं कायबी न्हवतं. तुमी पण न्हाई म्हणालासा. आता नसल्यालं दिसाय लागलं म्हंजी समोरनं येणारं माणूस कवातरी दिसायचं ऱ्हाईल. कुणाचं लेकरू चाकाखाली आलं तर? म्हणून सोडलं स्टेअरिंग."

शेडमध्ये हजारभर कोंबड्या कलकलत होत्या. मी म्हणालो, "तात्या, ओघळ होता."

त्याला ऐकू गेलं नाही. मी जवळ गेलो आणि सगळं सांगितलं. ब्रिदर, बाही, जत्रा, खिसा. सांगताना मी त्याच्या पायांकडं बघत होतो. त्याचे पाय घोट्यापर्यंत खतात होते.

त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर तो खाली, त्या घाणीतच बसला.

"म्हंजी भिजल्यालं हुतं," तो म्हणाला.

"भिजलं होतं."

"डोळं बरं हायत माझं."

"बरे हायत तात्या."

त्यानं फडक्यानं तोंड पुसलं. तो मला शिवी देईल, थुंकेल, निदान का असं विचारेल, म्हणून मी थांबलो होतो. तो दाराबाहेर बघत होता, लांबच्या रस्त्यावरून एक ट्रक चालला होता तिकडं, आणि त्याच्या पाटीवरचे आकडे हळू आवाजात वाचत होता. बरोबर वाचत होता. आणि मी, ज्यानं या माणसाला दीड वर्ष खतात उभं केलं होतं, तो मी त्याला काय म्हणालो असेन?

"तात्या, ह्ये कुठं बोलू नका."

त्यानं वळून बघितलं. माझ्याकडं बघताना त्याच्या नाकाजवळची कातडी किंचित आखडली. घाण दिसल्यावर माणसाचं तोंड होतं तसं.

"न्हाई बोलत," तो म्हणाला आणि फावडं घ्यायला उठला.

महिन्याभरात त्यानं खानापूरच्या मालकाची गाडी धरली. आणखी नऊ वर्षं चालवली. गाड्यांच्या अड्ड्यावर चहाला कधीतरी गाठ पडायची. पोरंठोरं ड्रायव्हर त्याची फिरकी घ्यायचे, तात्या, आज ऑइल किती लिटर इकलंस. तात्या बशीत चहा ओतायचा, फुंकर घालून प्यायचा आणि कप ठेवून गाडीकडं जायचा. एकदा मी अगदी त्याच्या शेजारी बसलो होतो. तेव्हाही तो काही बोलला नाही. सगळे हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो.